पदवीचा ताळेबंद

पदव्युत्तर अभ्यासक्रमाची दोन वर्षे संपत आली, की निरोपसमारंभांतून विद्यार्थी आपल्या विकासाचा आढावा घेतात. आत्मविश्वास आला, चारचौघांत बोलता येऊ लागले, मुलाखतीची भीती गेली, अशी जमेची यादी वाचली जाते आणि टाळ्या पडतात. देण्याची बाजू मात्र अर्थशास्त्राच्या वर्गातही कोणी वाचत नाही!

चळवळीतील काही कार्यकर्ते या भाषणांना मध्यमवर्गीय चोचले म्हणून हसतात. हे हसणे उथळ आहे. पाथर्डी-शेवगावकडच्या खेड्यातून जिल्ह्याच्या शहरी आलेली, घरातली पहिलीच पदवीधर मुलगी जेव्हा भर वर्गात उभी राहून प्राध्यापकांच्या विधानाला हरकत घेते, तेव्हा पिढ्यान्‌पिढ्यांचे मौन मोडलेले असते. ज्यांना व्यक्ती म्हणून कधी मोजलेच गेले नाही, त्यांच्या व्यक्तिमत्त्वविकासाची टवाळी करणे म्हणजे समाजवादाचीच टवाळी होय.

‘मोजणे’ हा शब्द येथे अलंकार म्हणून योजलेला नाही. याच तालुक्यांतून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास ऊसतोड कामगार गाव सोडतात. मुकादमाच्या वहीत नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’ धरला जातो. उचल त्या कोयत्यावर मिळते आणि पुढचा सारा हंगाम ती फेडण्यात जातो. माणसे दोन, हिशेबात अवजार एक! आई अर्धा कोयता आणि मुलगी पदव्युत्तर पदवीधर, हे एकाच छपराखालचे वास्तव आहे. मुलीच्या ताळेबंदातील पहिले देणे ते हेच.

हे देणे फेडणे म्हणजे काय, याचे उत्तर याच जिल्ह्यात सापडते. धनंजयराव गाडगीळांचा भारताच्या औद्योगिक विकासावरील केंब्रिजचा प्रबंध 1924 साली ग्रंथरूपाने आला. तेवढ्यावर त्यांची कीर्ती सुखाने टिकली असती. परंतु पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे संचालक असतानाच ते लोणीला विठ्ठलराव विखे पाटलांसारख्या अल्पशिक्षित शेतकऱ्याच्या शेजारी बसले आणि 1950-51 मध्ये पहिला गळीत हंगाम घेणाऱ्या प्रवरेच्या सहकारी साखर कारखान्याचे पहिले अध्यक्ष झाले. विद्वत्तेने शेतकऱ्याला भांडवलाचे गणित दिले. शेतकऱ्याने विद्वत्तेला शेताच्या बांधावर उभे केले. वाढ दोघांचीही झाली.

अर्थात, ते कामही अर्धेच राहिले. ऊस पिकवणारा कारखान्याचा सभासद झाला. ऊस तोडणारा कोपीतच राहिला. हे उरलेले काम आजच्या पदवीधरांचे आहे.

त्यांना केवळ उपदेश करणे मात्र अन्यायाचे ठरेल. कायम जागा भरल्या जात नाहीत. पदवीनंतर पुष्कळांच्या नशिबी तासिका तत्त्वावरची अध्यापकी येते. 2023-24 पासून राज्यात लागू झालेल्या नव्या धोरणाने पदव्युत्तर शिक्षणातून एका वर्षानंतर पदविका घेऊन बाहेर पडण्याची वाट काढून दिली. बाहेर काम आहे काय, हे सांगण्याची जबाबदारी कोणी घेतली नाही. समाजाने सारी दारे लावून घेतल्यावर तरुण स्वतःलाच घासून-पुसून बाजारात मांडू लागले, तर दोष त्यांचा कसा? काम न मिळण्याला ‘व्यक्तिमत्त्वातील उणीव’ हे नाव देणारी व्यवस्था खरी दोषी आहे.

म्हणून कार्यकर्त्यांनी या मुलामुलींकडे पाठ फिरवू नये. हंगाम संपून टोळ्या गावी परतल्या, की त्यांना सोबत घेऊन मंदिराच्या पारावर बसावे. किती उचल, किती टन ऊस, काय दर, किती कपात, हा हिशेब कामगारांच्या तोंडून घेऊन तो मोठ्याने वाचावा. आणि त्यात आईचे नाव बापाच्या नावाखाली न लपवता स्वतंत्र ओळीवर लिहावे. दोन वर्षांच्या अध्ययनाने काय वाढले, हे त्या एका ओळीवरून कळेल.