गंजलेले आरे

आमची येझदी नागपूरच्या घरी अंगणात बरीच वर्षं उभी होती. म्हैसूरचा कारखाना १९९६ साली बंद पडला, पण गाडी काही विकवली नाही. या उन्हाळ्यात नातू म्हणाला, "आजोबा, चाकं घरीच बांधू." मीही हो म्हटलं.

आऱ्यांची टोकं रिंगेत पितळी निपलमध्ये बसतात. पावसाचं पाणी नेमकं तिथंच साचतं आणि पेच धरतात. आठ दिवस तेल सोडलं, पाना फिरवला. निपलच्या कडाच गोल झाल्या. आमच्या पिढीला काही फेकवत नाही. वाकलेला खिळाही आम्ही ठोकून सरळ करणार! शेवटी वैतागून एक आरा ताणात असतानाच कापला. तुकडा उडाला तो नातवाच्या भुवईला लागला. बोटभर खाली लागला असता तर? त्या रात्री मला झोप नाही.

म्हणून सांगतो, गंजलेला आरा वाचवायच्या नादी लागू नका. वाचवायचं ते हब आणि रिंग. आधी टायर-ट्यूब काढा, आऱ्यांच्या विणीचा फोटो घ्या, रिंग हबच्या कोणत्या बाजूला किती आहे ते मोजून ठेवा. फिरतील ते निपल सगळीकडून थोडे थोडे सैल करा. उरलेले मग कापा, तेही डोळ्यांना जाड चष्मा लावून. आणि नवा संच पूर्ण घाला. जुन्या-नव्यांचा ताण सारखा राहत नाही.

आऊट काढायला मात्र चाक मिस्त्रीकडेच नेलं. त्यात कमीपणा कसला? शेवटी त्या चाकावर नातूच बसणार आहे.