बाँजूर आणि राम कृष्ण हरी

आषाढी तोंडावर आली होती. बीड जिल्ह्यातल्या नारायणगडाची, म्हणजे संत नगद नारायणांच्या गडाची, पालखी पंढरपूरच्या वाटेला लागली होती आणि गडाच्या पायथ्याला उभा जन्म काढलेली माझी आई फ्रान्समध्ये होती. माझी मुलगी तिकडे नाँत शहरात नोकरीला आहे. नातीचं बिऱ्हाड एकदा डोळ्यांनी बघायचं, या ओढीनं आईनं वारीला पहिल्यांदाच खाडा केला. रोज सकाळी चहा घेताना तिचा एकच प्रश्न असायचा, "पालखी कुठवर गेली असंल रं?"

नाँतपासून मोटारीनं तासाभरावर वाँदे प्रांतात 'पुई द्यु फू' नावाचं मोठं उद्यान आहे. फ्रान्सचं थीम पार्क म्हटलं की आपल्याला पॅरिसचं डिस्नेलँड आठवतं. या उद्यानात मात्र झोके नाहीत, आकाशपाळणे नाहीत. इतिहासातले प्रसंग माणसं, घोडे, पाणी आणि आग घेऊन तिथं उभे करतात. शनिवारी सकाळी मुलीनं आम्हाला दारात सोडलं, मध्यरात्री न्यायला येते म्हणाली आणि कामावर गेली. आईला मराठीशिवाय दुसरी भाषा येत नाही. मला फ्रेंच येत नाही. आमच्याजवळ मुलीनं लिहून दिलेली एक चिठ्ठी होती : आम्ही मांस, मासे, अंडी खात नाही.

चिठ्ठीपेक्षा मोलाची गोष्ट मी आदल्या दिवशी शिकलो होतो. नाँतमधल्या एका बेकरीत शिरलो आणि थेट पावाकडे बोट केलं. काउंटरवरच्या बाईंनी हात थांबवला, माझ्याकडे बघितलं आणि शांतपणे म्हणाल्या, "बाँजूर." मी पुन्हा बोट केलं. त्या पुन्हा म्हणाल्या, "बाँजूर." मग माझ्या ध्यानात आलं, आधी नमस्कार. मी बाँजूर म्हणालो, त्यांचा चेहरा उजळला आणि पाव हातात आला. संध्याकाळी आईला हे सांगितलं, तर तिला काहीच नवल वाटलं नाही. "गडावर कुणी राम कृष्ण हरी न म्हणता पाणी मागितलं, तर कसं दिसतं? तसंच हाय ते." त्या दिवसापासून बाँजूर हे तिच्या तोंडी राम कृष्ण हरीच्या जागी बसलं. हात जोडून बाँजूर म्हणणाऱ्या म्हातारीला त्या उद्यानात कुणी पाठ फिरवली नाही. चिठ्ठी वाचून एका मुलानं तिला बटाटे, भाजी आणि पाव असं वेगळं ताट करून दिलं.

दिवस भाषेवाचून सुरळीत गेला. रोमन काळातल्या रथांच्या शर्यतीला आईनं शंकरपटाला बसावं तसं बूड टेकलं आणि हिरव्या रथाची बाजू धरली. जुन्या खेड्याच्या देखाव्यात एक लोहार काम करत होता. तिथून ती हलेना. लोखंड तापून लाल झालं, ऐरणीवर घाव बसले, पाण्यात चर्र आवाज झाला. तिनं बोट पुढं करून धार बघू का, असं खुणेनं विचारलं. लोहारानं थंड झालेलं पातं तिच्या पुढ्यात धरलं. तिनं अंगठा आडवा फिरवला आणि मान हलवली. धार अजून लागली नव्हती. त्यानंही मान हलवली. पातं अजून कानशीखाली जायचं होतं, हे दोघांनाही ठाऊक होतं.

खरी परीक्षा रात्री होती. 'सिनेसेनी' नावाचा तिथला प्रयोग उन्हाळ्यात ठरावीक रात्रीच होतो. दहा वाजले तरी उजेड होता. अंधार पडल्यावर तळ्यापलीकडचा पडका वाडा उजळला आणि तेवीस हेक्टरांवर, म्हणजे आपल्या हिशेबानं छप्पन्न-सत्तावन्न एकर रानात, गोष्ट सुरू झाली. एका शेतकरी घराण्याच्या पिढ्यांमधून सातशे वर्षं सरकत होती. पेरणी, लग्नं, जत्रा, मेंढरं. मग अचानक आगी लागल्या. बायका पोरं काखोटीला मारून, गाठोडी घेऊन निघाल्या. डोळे पुसत आईनं माझा हात धरला. "दुष्काळ पडला का रं? घरं सोडून चालल्यात की."

बीड जिल्ह्यात बाहत्तरचा दुष्काळ बघितलेली आणि दर दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणाऱ्या गाड्या बघणारी ही बाई. गाठोडं आणि काखेतलं पोर म्हणजे दुष्काळ, हेच तिला ठाऊक. मलाही उत्तर देता आलं नाही. भाषांतराची सोय तिथं असते, पण ती इंग्रजीसारख्या भाषांमध्ये, आणि आईला सांगायला आधी मला ते नीट समजायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी मुलीनं आजीला समजावून सांगितलं. तो दुष्काळ नव्हता, लढाई होती. प्रजासत्ताक आलं, राजाला मारलं आणि 1793 मध्ये नव्या सरकारनं तीन लाख माणसांची सक्तीची सैन्यभरती काढली. धर्मगुरूंवर आधीच जाच सुरू होता. वाँदेचे शेतकरी छातीवर क्रूस असलेलं लाल हृदय शिवून उठले. 1794 मध्ये सरकारी फौजांनी गावंच्या गावं जाळली. तो वाडाही तेव्हाच जळाला. या लढाईचा अर्थ काय लावायचा, यावर फ्रान्समध्ये आजही वाद आहेत. उद्यानात दिसते ती त्या मातीनं सांगितलेली एक बाजू.

आई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हंजे मी रडले ती वेगळ्याच कारणानं."

हे वाक्य माझ्या मनातून जात नाही. भाषा येत नसली तरी दुःख पोचतं, हे खरंच आहे. पण दुःखाचं कारण पोचायला शब्द लागतात. कारण कळलं नाही, तर आपण दुसऱ्याच्या गोष्टीत आपलीच गोष्ट बघून परत येतो. भाषेवाचून काही अडत नाही, असं मी आता म्हणणार नाही. अडतं, आणि नेमकं महत्त्वाच्या जागी अडतं.

मुलीनं आणखी एक गोष्ट सांगितली, ती आईला फार भावली. सिनेसेनीत दिसणारे अडीच हजारांवर लोक पगारी नट नाहीत. आसपासच्या गावांतले शेतकरी, दुकानदार, शिक्षक, पोरंसोरं असे ते सगळे. 1978 पासून ते बिनपैशांनी हे करतात आणि कितीतरी घरांत ही सेवा बापाकडून लेकाकडे आली आहे. आईला हे समजावून द्यावं लागलंच नाही. आमच्याकडेही सप्ताहात घराघरातल्या भाकरी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत गोळा होतात, आमटीच्या कढईवर ज्याचा बाप उभा राहायचा तोच पोरगा आज उभा असतो. धाकटी पंढरी म्हणतात आमच्या गडाला. ती उभी आहे ती या हातांवर.

फ्रान्सहून परतल्यावर कार्तिकीला मी गावी होतो. बारस सोडायच्या पंगतीत एक परराज्यातला ट्रकचालक येऊन बसला होता. मराठीचा गंध नव्हता. वाढणाऱ्या पोरानं त्याच्या ताटात भात टाकला आणि तो पुढं सरकला. आईनं पोराला परत बोलावलं. ती स्वतः त्या माणसासमोर उभी राहिली, हात जोडले आणि म्हणाली, "राम कृष्ण हरी." तो गोंधळला. ती थांबली. तो हळूच म्हणाला, "राम कृष्ण हरी." मग तिनं वरण वाढलं.

जेवण झाल्यावर तिनं मला हाक मारली. "तुला हिंदी येती नं? ह्यास्नी समाधीपाशी घिऊन जा. नगद नारायण कोण, गड कशाचा, सगळं सांग. नुस्तं जेवून नगं जाऊ दिऊस."