एफआयआर झाला, पण ड्रेसिंग कोण करणार?

वस्तीतली बाई जळते. नोंद होते स्टोव्हच्या भडक्याची. खरं काय ते गल्लीला माहीत असतं. आपण धावतो. पोलीस ठाण्यात ठिय्या देतो, मृत्युपूर्व जबानी नीट घ्यायला लावतो, कलमं लावून घेतो, निवेदन देतो. आठव्या-दहाव्या दिवशी फोन येतो, ती गेली. पुन्हा मोर्चा. मधल्या दिवसांत वॉर्डात काय चाललं होतं, हे आपल्यापैकी किती जणांनी विचारलं? आम्हीही विचारलं नव्हतं. म्हणून हे आधी स्वतःलाच सुनावतो आहोत.

पहिल्या चोवीस तासांत सलाईन किती द्यायचं ते वजनावर आणि किती टक्के भाजलं यावर ठरतं. त्यातलं निम्मं पहिल्या 8 तासांत, आणि हे तास दवाखान्यात आल्यापासून नाही, भाजल्यापासून मोजायचे. पुरेसं पोहोचतंय का, हे लघवीवरून कळतं. मोठ्या माणसाला तासाला 30 ते 50 मिली व्हायला हवी. ती दर तासाला मोजणार कोण? डॉक्टरांचा राउंड येऊन जातो, मोजते ती सिस्टर. पुढे खरा धोका जंतुसंसर्गाचा. ड्रेसिंगआधी वेदनाशामक, धुतलेले हात, प्रत्येक पेशंटला नवे हातमोजे. मान भाजली असेल तर उशी द्यायची नाही, नाहीतर हनुवटी छातीला ओढली जाते. बोटं वेगवेगळी बांधायची, नाहीतर एकमेकांना चिकटतात. हे सगळं नर्सिंग आहे. शिकलेल्या हातांचं काम आहे.

भारतीय परिचर्या परिषदेचा निकष शिकाऊ रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक परिचारिका असा आहे. आम्ही पाहिलेल्या एका सरकारी वॉर्डात रात्री तीस खाटांना एकच सिस्टर होती. मग ड्रेसिंग सोडवायचं काम नातेवाइकांवर आणि वॉर्डातल्या मावशीवर येतं. पू-रक्ताने भिजलेलं कापड, बेडपॅन, सुटलेली कातडी, सगळं मावशीकडे. मावशी कंत्राटी. तिचं आडनाव विचारायची गरज पडत नाही. गावगाड्यात मेलेलं ढोर ओढायला कोण जायचं, हे ज्याला ठाऊक आहे त्याला ही ड्युटीची यादी वाचता येते.

वर याला ‘सेवा’ म्हणायचं. सेवा म्हटलं की पगार विचारायचा नाही, हातमोजे मागायचे नाहीत. तथागतांनी अतिसाराने स्वतःच्याच घाणीत पडलेल्या भिक्खूला आनंदाला सोबत घेऊन स्वतः धुतलं. ते काम त्यांनी खालच्या कुणाकडे सरकवलं नाही. आपण बुद्धवंदना म्हणतो, पण ही गोष्ट रुग्णालयाच्या दारात विसरतो.

कंत्राटाचा मुद्दा इथे आरक्षणाशीच येऊन भिडतो. कायम पद भरलं तर बिंदुनामावली लागते, एजन्सीमार्फत माणूस घेतला की ती टळते. बाह्य एजन्सींकडून भरतीचा शासन निर्णय सप्टेंबर 2023 मध्ये निघाला आणि संताप झाल्यावर ऑक्टोबरमध्ये मागे घ्यावा लागला. पण राष्ट्रीय आरोग्य अभियानातल्या सिस्टर आजही कंत्राटावरच आहेत. जीएनएम, बीएस्सी नर्सिंग करून घरी बसलेल्या आपल्या मुली आणि सिस्टरविना पडलेली जळीत बाई, या दोघींचं भांडण एकाच सरकारशी आहे.

आणि आपले कार्यकर्ते? पंधरा जण चपला-बुटांसह जळीत वॉर्डात घुसतात, त्या एकट्या सिस्टरवर ओरडतात, व्हिडिओ काढतात. जंतू आपणच आत नेतो, आणि भांडतो तिच्याशी, जिने सकाळपासून पाणी प्यायलेलं नसतं.

पुढच्या वेळी काम वाटून घेऊ. दोघांनी ठाण्यात बसायचं. एकानेच, हात धुऊन, परवानगी घेऊन वॉर्डात जायचं. एकाने माहिती अधिकारात अर्ज टाकायचा: या रुग्णालयात परिचारिकांची मंजूर पदं किती, भरलेली किती, त्यातली राखीव किती, जळीत वॉर्डात रात्रपाळीला किती जणी. उत्तर आलं की मोर्चा अधीक्षकांच्या दालनावर न्यायचा, आणि त्यात मावशी आणि सिस्टर दोघींना पुढे ठेवायचं.

जयभीम!