कुत्रा आणि श्वपाक

गेल्या मासीं आमच्या एका वाचक भगिनींचें पत्र आलें. त्यांची कन्या कॅनडांत टोरोंटो येथें नांदते. तिनें व जांवईबापूंनीं घरीं एक कुत्रा आणिला आहे. दक्षिण कोरियांत मांसासाठीं पोसलेल्या कुत्र्यांच्या पिंजऱ्यांतून सोडवून विमानानें तिकडे नेलेल्यांपैकीं तो एक. नात त्याच्या गळ्यांत हात घालून निजते. आजीबाईंना यंदा तेथें सहा महिने राहावयास जावयाचें आहे, आणि त्या विचारतात, "असा कुत्रा घरभर वावरत असतां आमचें सोवळें राहावें कसें? आणि कुत्रीं खाणाऱ्या त्या लोकांस माणसें तरी म्हणावें काय?" प्रश्न दोन आहेत. दुसऱ्याचा विचार आधीं करूं. म्हणजे पहिला आपोआप सोपा होईल.

कुत्र्याचें मांस खाण्याची चाल कोरियांत जुनी आहे. उन्हाळ्यांतील अत्यंत उष्म्याचे तीन दिवस तेथील पंचांगांत नेमलेले असतात. त्या दिवशीं या मांसाचा रस्सा घेतल्यानें शरीरास बळ येतें, अशी समजूत. १९८८ सालीं सेऊल येथें ऑलिंपिक सामने भरले, तेव्हां परकीय पाहुण्यांच्या दृष्टीस पडूं नयेत म्हणून सरकारनें असल्या भोजनगृहांस मुख्य रस्त्यांवरून हटविलें. तें लाजेपोटीं झालें. कुत्र्याची स्थिति त्यानें पालटली नाहीं.

ती स्थिति अशी. जमिनीपासून उंच बसविलेले, तारेच्या जाळीचा तळ असलेले पिंजरे. त्यांतच कुत्र्यानें जन्मावें, वाढावें, आणि भोजनगृहांतील उष्टें-खरकटें खाऊन कत्तलीची वाट पाहावी. पुष्कळ कोरियन लोक मानीत कीं, मांसाचा कुत्रा निराळा आणि घरचा कुत्रा निराळा. परंतु सोडविलेल्यांत जिंदो व तोसा या दांडग्या जातींबरोबर मांडीवर बसविण्याजोगे लहान कुत्रेही निघाले.

आतां हें पालटलें कोणी? तेथल्याच लोकांनीं. घरीं कुत्रा पाळणारीं कुटुंबें वाढलीं, आणि अंगणांतील कुत्रा व ताटांतील कुत्रा हा भेद तरुणांस पटेनासा झाला. २०१७ सालीं अध्यक्ष मून जे-इन यांनीं या धंद्यांतून सोडविलेला 'तोरी' नांवाचा कुत्रा आपल्या निवासस्थानीं नेला. तो रंगानें काळा म्हणून त्यापूर्वीं त्यास कोणी घर देईना. २०१८ सालीं सोंगनाम येथील मोठा कत्तलखाना मोडला, २०१९ सालीं बुसान शहरांतील गुपो बाजारांत हा व्यापार बंद झाला. शेवटीं ९ जानेवारी २०२४ रोजीं तेथील कायदेमंडळानें २०८ विरुद्ध शून्य मतांनीं कायदा केला. मांसासाठीं कुत्रा पोसणें, मारणें व विकणें हे अपराध ठरले. मारणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद. खाणाऱ्यास मात्र शिक्षा नाहीं. धंदेवाल्यांस सांवरावयास अवधि मिळावा म्हणून शिक्षेचीं कलमें फेब्रुवारी २०२७ पासून लागू करण्याचें ठरलें, आणि जो लवकर धंदा सोडील त्यास दर कुत्र्यामागें अधिक भरपाई ठेविली.

कायद्यापूर्वींच ह्यूमेन सोसायटी इंटरनॅशनल या संस्थेनें हें काम आरंभिलें होतें, आणि तिची रीति आम्हांस फार आवडली. २०१५ सालीं तिनें पहिल्या अशा ठिकाणचे २३ कुत्रे सोडविले. त्या धन्यास तिनें शिव्या दिल्या नाहींत. त्याच्याशीं करार केला, आणि ब्लूबेरीची लागवड करावयास त्यास मदत दिली. पुढें कोणी मिरचीच्या शेतीकडे वळला, कोणी पाणी पोंचविण्याच्या धंद्याकडे. यांतील कित्येकांस आपल्या धंद्याचा मनांतून वीट आला होता. पण पोटाला दुसरी वाट दिसत नव्हती. कुत्र्याचा पिंजरा उघडावयाचा तर धन्याचाही उघडावा लागतो, हें त्या संस्थेनें ओळखलें.

सोडविलेल्या कुत्र्यांस लस टोंचून, कांहीं काळ वेगळें ठेवून, अमेरिका, कॅनडा, इंग्लंड येथें धाडीत. कारण कोरियाच्या शहरांतील सदनिकांत मोठ्या कुत्र्यास घर मिळणें कठीण. दहा वर्षांत या संस्थेनें सोडविलेले कुत्रे अडीच हजारांहून अधिक भरतात. उलट २०२४ च्या सरकारी मोजणींत असे कुत्रे सुमारें ४ लाख ६६ हजार निघाले. टोरोंटोच्या त्या घरीं पोंचलेला कुत्रा किती थोडक्यांतला आहे, हें यावरून दिसेल.

धर्मराजानें कुत्र्यावांचून स्वर्ग नाकारला, ही महाप्रस्थानिक पर्वांतील कथा आपल्या घरोघरीं सांगतात. त्याच महाभारताच्या शांतिपर्वांतील दुसरी कथा सांगत नाहींत. घोर दुष्काळांत विश्वामित्र ऋषि कुत्र्याची तंगडी चोरावयास चांडाळाच्या झोंपडींत शिरले, आणि त्यांस धर्म सांगून परावृत्त करूं पाहणारा तो चांडाळच होता. तेव्हां कुत्रें खाणारा तो माणूस नव्हे असें म्हणावयाचें, तर आरंभ आपल्याच ऋषीपासून करावा लागेल.

गीतेच्या पांचव्या अध्यायांत ज्ञात्याची समदृष्टि सांगतांना कुत्रा आणि श्वपाक हे शेजारीं-शेजारीं बसविले आहेत. श्वपाक म्हणजे कुत्रा शिजविणारा. हा शब्द आपल्या समाजानें कोरियाच्या लोकांवर नव्हे, तर याच मातींतील माणसांवर फेंकला, आणि त्यांस गांवाबाहेर ठेविलें. आम्हीं तीस वर्षें हा श्लोक वर्गांत शिकविला. समास सोडविला, अर्थ लिहून दिला, कुत्र्यावरील दयेची गोष्ट रंगवून सांगितली. त्या शब्दानें ज्यांच्या पूर्वजांस हिणविलें, अशीं मुलें त्याच वर्गांत मागील बांकावर बसत. त्यांनीं माना खालीं घातलेल्या आम्हीं पाहिल्या, आणि तास संपला म्हणून पुस्तक मिटलें. त्यांपैकीं एकालाही आम्हीं कधीं जवळ बोलाविलें नाहीं. आज त्याची खंत वाटते, आणि ती येथें लिहिल्यानें फिटत नाहीं, हेंही आम्ही जाणतों.

तेव्हां, भगिनी, आपण अवश्य जावें. पूजेपुरतें देवघराचें दार लोटून घ्यावें. तेवढ्यानें आपलें सोवळें राहील. असे कुत्रे जिन्याला, गळपट्ट्याला, नव्या माणसाला भितात. कित्येकांस पायांखालची हिरवळही अनोळखी असते. त्यास हांका मारूं नये, डोळ्याला डोळा भिडवूं नये, डोक्यावरून एकाएकीं हात नेऊं नये. बाजूला स्वस्थ बसून जपमाळ ओढीत असावें. एके दिवशीं तो आपण होऊन जवळ येईल.

आणि नातीनें विचारलें कीं, आजी, याला पिंजऱ्यांत कोणी ठेविलें होतें, तर दुष्टांनीं असें सांगूं नये. दुसरी वाट न दिसलेल्या माणसांनीं, असें सांगावें. आणि वाट दिसल्यावर त्यांनींच पिंजऱ्याचें दार उघडलें, हेंही सांगावें.