चारशे नव्वदनंतर काय?

पळसदेवचं जुनं गाव उजनी धरणाच्या पाण्याखाली गेलं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की जुनं पळसनाथाचं देऊळ उघडं पडतं. अशाच एका उन्हाळ्यात बचत गटाचा हिशेब संपल्यावर एक ख्रिस्ती बहीण मागे थांबली. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) डोळ्याखाली काळंनिळं झालेलं. म्हणाली, "ताई, पास्टर म्हणत्यात, नवऱ्याला माफ कर. येशूनं साताच्या सत्तर वेळा सांगितलंय. म्हंजी चारशे नव्वद. माझं मोजून झालं. आता पुढं काय?"

माझ्याबरोबरची कार्यकर्ती चटकन बोलून गेली, "आधी ते चर्च सोड." त्यानंतर ती बाई तीन बैठकांना आली नाही.

आणि मी? मी गप्प बसले. मी नगरकडच्या ख्रिस्ती घरात वाढलेली. एम.एस.डब्ल्यू. करून चळवळीत आले आणि बायबल ट्रंकेच्या तळाशी ठेवून दिलं. पुरोगामी मैत्रिणी हसतील याची भीती होती. म्हणजे त्या दिवशी तिला आम्ही दोघींनी मिळून परत पाठवलं. एकीनं बोलून, दुसरीनं तोंड मिटून.

म्हणून आज दोन्ही बाजूंशी भांडायचं आहे. त्यात मीही आलेच.

आधी पाळकांशी. साताच्या सत्तर वेळा क्षमा करा, हे मत्तयच्या अठराव्या अध्यायात आहे, खरंच आहे. पण त्याच अध्यायात, त्याच्या काही ओळी आधी काय आहे? कुणी अपराध केला तर त्याला एकट्याला गाठून सांगा. ऐकलं नाही तर आणखी एकदोघांना बरोबर न्या. तरी ऐकलं नाही तर मंडळीपुढे ठेवा. मंडळीचंही ऐकलं नाही तर त्याला परका समजा. हे सगळं त्याच पानावर असताना बाईला तेवढं एकच वचन का सांगितलं जातं? नवऱ्याला गाठून जाब विचारायला कोणी गेलं होतं का? त्याचा अपराध मंडळीपुढे कधी आला का? क्षमेचा सगळा भार जिला मार बसतो तिच्यावर, आणि मारणारा रविवारी पहिल्या रांगेत! याला मी विश्वास म्हणणार नाही. ही पुरुषसत्ताच आहे, फक्त हातात बायबल धरून उभी.

हे बोलायला कुठला परदेशी स्त्रीवाद लागत नाही. पळसदेवहून पुण्याकडे निघालं की वाटेत चौफुला लागतो, तिथून केडगाव. तिथं पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन आहे. रमाबाईंनी 1883 मध्ये इंग्लंडमध्ये वाँटेज इथं बाप्तिस्मा घेतला. अगदी मनापासून घेतला. पण म्हणून डोकं गहाण टाकलं नाही. जे पटत नव्हतं त्या सिद्धांतांना होकार द्यायला त्यांनी नकार दिला. भारतातल्या पुरोहितांचं जोखड एवढ्या कष्टानं उतरवल्यावर दुसऱ्या पुरोहितांचं खांद्यावर घेणार नाही, असं त्यांनी आपल्या धर्ममाता सिस्टर जेराल्डिन यांना कळवलं. क्रूसावर लॅटिन अक्षरंच का, आपली संस्कृत का नको, असंही विचारलं. मोठ्यांना हा गर्व वाटला, आज्ञाभंग वाटला. रमाबाई हटल्या नाहीत, आणि ख्रिस्तालाही सोडलं नाही.

इकडे 1889 मध्ये मुंबईत त्यांनी शारदा सदन काढलं, पुढे ते पुण्यात आणलं. 1893 मध्ये तिथं धर्मांतर होतंय अशी ओरड झाली, सल्लागारांनी राजीनामे दिले, पालकांनी मुली काढून नेल्या. म्हणजे सनातनी म्हणत होते, ही फार ख्रिस्ती. चर्चवाले म्हणत होते, ही पुरेशी ख्रिस्ती नाही. ज्या बाईला निष्ठाही आहे आणि विवेकही आहे, तिची अशी दोन्हीकडून ओढाताण होतेच.

त्यांनी आयुष्याची शेवटची वर्षं कशात घालवली, मैत्रिणींनो, ठाऊक आहे? हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबल सोप्या मराठीत आणण्यात. खेड्यातल्या बाईला ते स्वतः वाचून कळावं म्हणून. ते काम मुक्तीतल्या बायांनीच छापलं. रमाबाई 1922 मध्ये गेल्या, संपूर्ण बायबल 1924 मध्ये निघालं. बाईच्या हातात पुस्तक आलं की तिला एकच वचन काढून देणाऱ्याची पंचाईत होते.

रमाबाईंनाही मी देव्हाऱ्यात बसवत नाही. दुष्काळातून आणलेल्या उपाशी मुलींनी केडगावात प्रार्थना म्हटली, त्यात त्यांची स्वतःची निवड किती होती, हा प्रश्न विचारलाच पाहिजे. सगळं पारखून घ्या आणि चांगलं ते धरा, असं पौलानं थेस्सलनीकाच्या मंडळीला लिहिलं. त्यातून रमाबाई सुटत नाहीत, पास्टर सुटत नाही, मीही नाही.

आता चळवळीशी. 1869 च्या घटस्फोट कायद्यात ख्रिस्ती नवऱ्याला बायकोचा व्यभिचार दाखवला की पुरे होतं. बायकोला मात्र व्यभिचाराच्या जोडीला क्रूरता किंवा परित्याग असं आणखी काही सिद्ध करावं लागे. नुसती मारहाण पुरत नसे! मुंबई उच्च न्यायालयानं 1997 मध्ये या विषमतेवर घाव घातला आणि 2001 मध्ये संसदेनं कायदा बदलला. त्यासाठी वर्षानुवर्षं मागणी करणाऱ्यांत श्रद्धा जपणाऱ्या ख्रिस्ती बायका होत्या. त्यांना आपण "आधी चर्च सोडा, मग या" असं म्हटलं असतं तर? वारीला जाणाऱ्या बाईला आपण आधी माळ काढायला सांगतो का? मग हिलाच का?

चौथ्या महिन्यात मी ट्रंक उघडली, पुस्तक घेतलं आणि तिच्या घरी गेले. अठरावा अध्याय दोघींनी बोट ठेवून वाचला. ती थांबली. "एकदोघांना बरोबर न्या म्हंजी तू अन् मी का ताई?" म्हटलं, "होय." गटातल्या आणखी एकीला घेऊन आम्ही नवऱ्याशी बोललो. त्यानं ऐकलं नाही. मग एका रविवारी ती मंडळीत उभी राहिली आणि सगळ्यांदेखत बोलली. पास्टरांनी मान खाली घातली. चार बाया उठून तिच्याशेजारी जाऊन बसल्या. त्याच आठवड्यात आम्ही 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्याकडे अर्ज दिला. त्या कायद्याला जात-धर्म नाही. आज ती आईकडे राहते. केस चालू आहे. रविवारची उपासना ती चुकवत नाही.

माफ केलंस का, असं मी तिला कधी विचारलं नाही. ते तिचं आणि तिच्या देवाचं आहे. मार थांबवणं मात्र आपल्या सगळ्यांचं आहे.

पाळकांनो, अख्खा अध्याय वाचा. कार्यकर्त्यांनो, बाईची श्रद्धा दाराबाहेर काढून ठेवायला लावू नका. आणि माझ्यासारख्या ट्रंकवाल्यांनो, झाकण उघडा.