गडचिरोलीत फोर-जी आलं, पण लायब्ररी अजून पेनड्राइव्हनेच फिरते

गेल्या दिवाळीत चंद्रपूरला घरी होतो, तेव्हा आलापल्लीच्या मावसभावाचा फोन आला. डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. "दादा, कोड जसाच्या तसा टाईप केला, तरी चालत नाही. लॅपटॉपच बेकार आहे का?"

लॅपटॉप ठणठणीत होता. गेम बनवायची एसडीएल-2 ही लायब्ररी त्याने मित्राच्या पेनड्राइव्हवरून घेतली होती. तिच्या झिपमध्ये 32-बिट आणि 64-बिट असे दोन फोल्डर असतात. कंपायलर 64-बिट, याने उचलला 32-बिटचा. लिंकर 'स्किपिंग इनकम्पॅटिबल' असं स्पष्ट सांगत होता, पण ती ओळख करून कोणी दिलेलीच नव्हती.

आता बातमीकडे येऊ. एप्रिल 2022 मध्ये केंद्राने नक्षलग्रस्त भागातले 2,343 टू-जी टॉवर फोर-जी करायला मंजुरी दिली. जुलैमध्ये देशभरातल्या 24,680 गावांत फोर-जी नेण्यासाठी 26,316 कोटी मंजूर केले. चांगलंच आहे. पण हा हिशेब मोबाईलचा. प्रोग्रामिंगची आजची साधनं मात्र नेट कायम आणि भरपूर आहे असं धरून चालतात. एक कमांड द्या, बाकी सगळं ते उतरवून घेतील! पुण्यात ठीक आहे. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद होतो, तिथे कोण दिवसाचा सगळा डेटा एका कमांडवर उडवेल?

म्हणून आधीच कंपाइल केलेली लायब्ररी हाताने बसवणं हा जुनाट प्रकार नाही, आपल्याकडे तोच व्यवहार्य रस्ता आहे. काम तीन जागी असतं. 'इन्क्लूड' फोल्डर कंपायलरला दाखवायचा, म्हणजे फंक्शनची नावं कळतात. 'लिब' फोल्डर आणि लायब्ररीचं नाव लिंकरला सांगायचं. नाव राहिलं की 'अनडिफाइन्ड रेफरन्स' येतो. तिसरं, 'बिन'मधली डीएलएल आपल्या ईएक्सईशेजारी ठेवायची. ती विसरली तर प्रोग्राम बनतो पण उघडत नाही, आणि मग पोरं गुगलवर 'डीएलएल डाउनलोड' शोधतात. हे अजिबात करू नका. त्या साइट्सवर काय मिळेल याचा भरवसा नाही, आणि हवी असलेली फाइल बहुतेक वेळा तुमच्याच झिपमध्ये पडलेली असते.

पेनड्राइव्हचा भरवसा तरी काय? इथे कमकुवत नेटवर्कही पुरतं. फाइल शेकडो एमबीची असली तरी तिचा शा-256 हॅश फक्त 64 अक्षरांचा. गिटहबवर आता नव्या रिलीजच्या फाइलशेजारीच तो दिसतो. नाहीच उघडलं, तर शहरातल्या मित्राकडून एसएमएसवर मागवा. विंडोजमध्ये पॉवरशेल उघडून 'गेट-फाइलहॅश' आणि फाइलचं नाव दिलं की तुमच्या झिपचा हॅश येतो. जुळला तर फाइल मूळचीच. हॅश त्याच पेनड्राइव्हवरून घेतला तर मात्र उपयोग शून्य.

अर्थात मूळ फाइलच बिघडलेली असेल तर हॅशही काही करू शकत नाही. मार्च 2024 मध्ये एक्सझेड या लायब्ररीच्या अधिकृत 5.6.0 आणि 5.6.1 आवृत्त्यांतच चोरदरवाजा निघाला. आंद्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरला एसएसएच लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय असा प्रश्न पडला, म्हणून तो सापडला. निदान नवी आवृत्ती आल्या दिवशी घाई करू नका.

मला खरं तर कॉलेजांबद्दल बोलायचंय. चंद्रपूर-गडचिरोलीतल्या प्रत्येक लॅबमध्ये एका मशीनवर नेहमीच्या वीसेक लायब्ररींच्या झिप आणि भिंतीवर त्यांच्या हॅशची यादी ठेवायला एका हार्डडिस्कपलीकडे खर्च नाही. पहिल्याच प्रॅक्टिकलला ते तीन फोल्डर समजावले, तर कितीतरी पोरांचं 'मला कोडिंग जमत नाही' हे तिथेच थांबेल.

भावाने फोल्डर बदलला. रात्री साडेअकराला स्क्रीनशॉट आला, काळ्या खिडकीत एक लाल चौकोन.