साहेबांची बदली झाली तरी कागद कार्यालयातच राहिला पाहिजे!

जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतील बंधू-भगिनींनो,

बिबट्याने मारलेल्या जनावराची भरपाई, डिंभे-माणिकडोहचे आवर्तन, वनहक्काचा दावा, जमिनीची मोजणी, भूसंपादनाचा मोबदला. हे सारे प्रश्न जुन्नर, घोडेगाव आणि मंचरच्या कार्यालयांतल्या पत्रव्यवहारावर अवलंबून आहेत. पूर्वी प्रत्येक पत्र आवक-जावक नोंदवहीत चढायचे आणि नस्तीला लागायचे. आता बराच पत्रव्यवहार ई-मेलने होतो. तो कोणाच्या खात्यावरून होतो, हे विचारायचा आपल्याला हक्क आहे.

राज्यातल्या अनेक सरकारी कार्यालयांच्या पत्रांवर आजही जीमेलचा पत्ता दिसतो. कुठे अधिकारी स्वतःच्या खासगी खात्यावरूनच अहवाल मागवतात. मुलांच्या फीची पावती आणि पंचनाम्याचा अहवाल एकाच खात्यात! याला सोय म्हणणे आम्हाला मान्य नाही. सरकारी कागद खासगी ताब्यात गेला, हाच याचा सरळ अर्थ आहे.

बदल्यांच्या 2005 च्या राज्य कायद्यानुसार एका पदावरचा सर्वसाधारण कालावधी तीन वर्षांचा. बदली झाली की खासगी खाते साहेबांबरोबर जाते. मग दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून आपण माहिती अधिकाराचा अर्ज करायचा आणि उत्तर वाचायचे, ‘माहिती अभिलेखावर उपलब्ध नाही.’ माहिती अधिकार कायद्याच्या कलम 2 मधील व्याख्येत ई-मेल स्पष्टपणे नमूद आहे. कलम 4 अभिलेख सूचीबद्ध ठेवायला सांगते. जो मेल कार्यालयात नाहीच, तो सूचीत येणार कसा?

ज्या गावावरून तालुक्याला नाव पडले, ते आंबेगाव डिंभे धरणात बुडाले. धरणग्रस्ताला पुढच्या पिढीतही जुन्या कागदावरच हक्क सांगावा लागतो. 30 जुलै 2014 रोजी माळीण गावावर डोंगर कोसळला आणि दीडशेहून अधिक माणसे गेली. अशा दुर्घटनेची जबाबदारी ठरवताना कोणी, कोणाला, केव्हा कळवले हे पत्रव्यवहारातूनच कळते. उद्याचा तो पुरावा एखाद्याच्या मोबाईलमध्ये अडकून चालणार नाही.

अमेरिकेत परराष्ट्रमंत्री असताना हिलरी क्लिंटन यांनी सरकारी काम खासगी सर्व्हरवरून केले. पुढे त्यांच्याच माणसांनी 30 हजारांहून अधिक मेल ‘खासगी’ ठरवून वगळले. खाते एकच असले की खासगी काय आणि सरकारी काय, हे अधिकारीच ठरवतो. आपल्याकडे माजी भाजप नेते के. एन. गोविंदाचार्य यांनी सरकारी कामातल्या खासगी ई-मेलचा प्रश्न दिल्ली उच्च न्यायालयात नेला. 2015 साली केंद्राने सरकारी कामासाठी सरकारी ई-मेलचे धोरण अधिसूचित केले.

‘सरकारी मेलला रेंज मिळत नाही’ ही सबब पटणारी नाही. ज्या रेंजवर जीमेल चालते, त्याच रेंजवर सरकारी मेलही चालतो. पासवर्डच्या आणि प्रशिक्षणाच्या अडचणी खऱ्या असतील, तर त्या जिल्हा प्रशासनाने सोडवाव्यात. अधिकाऱ्यांच्या घरगुती पत्रांत आम्हाला डोकावायचे नाही. म्हणूनच दोन खाती वेगळी हवीत.

आमच्या मागण्या :

1. प्रत्येक कार्यालयाचे सरकारी खाते पदनामाने असावे आणि त्याचा पत्ता दर्शनी फलकावर लावावा.

2. खासगी खात्यावरून झालेला सरकारी पत्रव्यवहार कार्यालयीन खात्यावर घेऊन नस्तीला लावावा. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या आदेशांनाही हाच नियम लावावा.

3. पदभार सोपवताना ई-मेल खातेही सोपवावे. ‘माझ्याकडे एकही सरकारी कागद उरलेला नाही’ असे अधिकाऱ्याने लेखी द्यावे.

नागरिकांनो, सरकारी पत्र हाती आले की वरचा ई-मेल पत्ता वाचा. तो खासगी असेल तर माहिती अधिकाराखाली लेखी अर्ज देऊन जाब विचारा आणि अर्जाची पोच घ्या. तीस दिवसांत माहिती मिळाली नाही तर प्रथम अपील करा. येत्या ग्रामसभेत या तीन मागण्यांचा ठराव मांडा आणि त्याची प्रत तहसीलदारांना द्या. कागद जनतेचा आहे, तो जनतेच्या कार्यालयातच राहिला पाहिजे!

आपले,
जुन्नर-आंबेगावमधील नागरिक